झाकलेले दार आणि मोकळी जीभ



मदीनेतील एक प्रसंग हदीसच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या खोलीच्या दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिले. प्रेषितांच्या हाती त्या वेळी केस विंचरण्याचे टोकदार साधन होते. त्यांना हे कळले तेव्हा ते अतिशय कठोर शब्दांत बोलले. तू पाहत आहेस हे आधी समजले असते तर हेच तुझ्या डोळ्यात टोचले असते, अशा आशयाचे ते शब्द होते. परवानगी घेण्याचा नियम मुळात नजरेसाठीच आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

या प्रसंगावर क्षणभर थांबून विचार करा. ज्या घरात कोणी डोकावले ते घर कोणाचे होते? तेथे लपवण्यासारखे पाप नव्हते, कट नव्हता, लबाडी नव्हती. तरीही त्या दाराला पडदा होता, आणि त्या पडद्याचा भंग हा अपराध ठरला. आज निगराणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ज्याने काही चूक केली नाही, त्याला भीती कशाची? या प्रश्नाचे उत्तर त्या दाराने चौदा शतकांपूर्वीच दिले आहे. पडदा हा केवळ गुन्हेगाराचा आडोसा नसतो, तर अल्लाहने प्रत्येक माणसाला बहाल केलेल्या सन्मानाचा तो भाग असतो.

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-हुजुरातमधील बाराव्या आयतीत तीन गोष्टींना एकापाठोपाठ मनाई केलेली आहे. प्रथम संशय, नंतर हेरगिरी, त्यानंतर पाठीमागची निंदा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. मनात संशय येतो, संशय माणसाला दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यात डोकावायला लावतो, आणि जे हाती लागते ते चारचौघांत पसरते. आजच्या भाषेत सांगायचे तर आधी शंका, मग दुसऱ्याचा उघडलेला मोबाईल, आणि शेवटी पुढे पाठवलेला स्क्रीनशॉट. साधने बदलली, पायऱ्या त्याच राहिल्या.

हा नियम सामान्य माणसापुरता आहे आणि सत्ताधाऱ्याला त्यातून सूट आहे, असे कोणी समजू नये. खलीफा हजरत उमर (रजि.) एके रात्री हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यासह मदीनेत गस्त घालत होते. एका घरात दिवा दिसला, दार बंद होते, आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. आत मद्यपान चालू आहे, असे हजरत उमर म्हणाले आणि त्यांनी सोबत्याचे मत विचारले. सोबत्याने उत्तर दिले की अल्लाहने आपल्याला हेरगिरीची मनाई केली आहे आणि आपण नेमके तेच करून बसलो आहोत. विशाल साम्राज्याचा तो शासक हे ऐकून तेथून परत फिरला. राज्यकर्त्याच्या शक्तीला दाराच्या उंबरठ्यावर थांबायला लावणारी ही शिकवण आहे. शासक लोकांमध्ये संशयच शोधू लागला तर तो लोकांना बिघडवून टाकतो, या आशयाची हदीसही अबू दाऊदच्या संग्रहात आहे. याचे कारण उघड आहे. आपल्यावर सतत नजर आहे हे जाणवले की माणूस चांगला होत नाही, तो दोन तोंडांचा होतो. ओठांवर एक आणि मनात दुसरे, अशी सवय जडते. तिलाच आपण निफाक म्हणतो.

याचा अर्थ गुन्ह्याचा तपास होऊ नये असा नाही. जीव, मालमत्ता आणि अब्रू यांचे रक्षण हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु पुराव्याच्या आधारे एका संशयिताचा तपास करणे वेगळे आणि सर्वांनाच संशयित मानून सर्वांची माहिती गोळा करणे वेगळे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. हा खटला निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरून उभा राहिला होता. या अधिकारावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार, योग्य उद्देश आणि उद्देशाच्या प्रमाणातच उपाय असावा लागतो. श्रद्धावंताला या निर्णयात परके काही वाटू नये.

आता जिभेकडे वळू. हजरत अबू बकर (रजि.) यांनी खिलाफत स्वीकारताना लोकांना सांगितले की मी योग्य वागलो तर मला साथ द्या आणि चुकलो तर मला सरळ करा. अन्यायी सत्ताधाऱ्यासमोर सत्य बोलणे याला प्रेषितांनी श्रेष्ठ जिहाद म्हटले आहे. म्हणजे इस्लाममध्ये बोलणे हा केवळ हक्क नाही, प्रसंगी ते कर्तव्य ठरते.

आपल्याच महाराष्ट्रातील एक घटना आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. मुंबईतील बंदविषयी एकीने फेसबुकवर मत लिहिले होते, दुसरीने त्याला केवळ पसंती दर्शवली होती. या घटनेनंतर कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्दबातल ठरले. त्या कलमातील शब्द इतके संदिग्ध होते की कोणाला त्रासदायक वाटेल असे काहीही त्यात बसवता येत असे. परंतु अशा प्रसंगांनंतर किती आईबापांनी आपल्या मुलांना 'काही लिहू नकोस, गप्प बस' असे बजावले असेल, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही. ती काळजी मायेपोटी येते, हे मान्य. परंतु घरोघरी केवळ गप्प बसणेच शिकवले गेले, तर उद्या सत्याची साक्ष द्यायला कोण उभे राहील?

मात्र मोकळी जीभ म्हणजे बेलगाम जीभ नव्हे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्यामागे मोबाईलवरून पसरलेल्या अफवा होत्या. सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, ती न पाळल्यास अजाणतेपणी कोणाला तरी इजा पोहोचून नंतर पश्चात्ताप करावा लागेल, असा इशाराही तेथेच आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असे प्रेषितांनी समजावले आहे. इतरांच्या पूज्य मानलेल्यांना शिवीगाळ करण्यासही कुरआनने मनाई केली आहे. (सूरह अल्-अनआम : १०८) आपल्याला बोलण्याचे स्वातंत्र्य हवे असेल तर त्याला सत्य आणि सभ्यतेची जोड द्यावीच लागेल.

शेवटी स्वतःला एक अवघड प्रश्न विचारू या. शासनाने आपल्या घरात डोकावू नये असे म्हणणारे आपण, आपल्याच घरात कसे वागतो? पत्नी झोपल्यावर तिचा फोन चाळणारा पती, सुनेचे बोलणे दाराआडून ऐकणारी सासू, मुलीचे संदेश चोरून वाचणारा भाऊ, हे सर्व त्याच आयतीचे उल्लंघन करतात. ज्यांना आपले बोलणे ऐकवायचे नाही त्यांचे बोलणे चोरून ऐकणाऱ्याच्या कानात कयामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, हा इशारा आप्तांना वगळून दिलेला नाही. लहान मुलांवर लक्ष ठेवणे ही आईवडिलांची अमानत आहे, परंतु ते उघडपणे, मुलांना सांगून, विश्वासात घेऊन ठेवावे. चोरून ठेवलेल्या पहाऱ्यातून मूल केवळ अधिक चांगले लपवायला शिकते.

त्याला जी नजर शिकवायची ती दुसरीच आहे. आपल्या दोन्ही बाजूंना लिहिणारे फरिश्ते आहेत आणि ओठांतून निघालेला प्रत्येक शब्द नोंदला जातो. (सूरह काफ : १७-१८) अल्लाह सर्व काही पाहतो, तरीही तो आपले दोष झाकतो आणि तौबा केल्यावर क्षमा करतो. माणसाची निगराणी दोष साठवून ठेवते आणि वेळ आली की बाहेर काढते. म्हणूनच जो आपल्या बांधवाचा दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह कयामतच्या दिवशी झाकील, अशी शुभवार्ता प्रेषितांनी दिली आहे.

आज रात्री घरच्या मंडळींसोबत बसाल तेव्हा हा विषय काढा. कोणाचा फोन आपण न विचारता उघडला असेल, तर त्याची माफी मागा. कोणाचा खाजगी संदेश किंवा छायाचित्र आपल्याकडे साठले असेल, तर ते पुसून टाका. आणि एखादे सत्य केवळ भीतीपोटी गिळले असेल, तर ते सभ्य शब्दांत, पूर्ण शहानिशेनंतर बोलण्याचे बळ अल्लाहकडे मागा.

हे अल्लाह, आमचे दोष झाकून ठेव, आमच्या नजरेला दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबायला शिकव आणि आमच्या जिभेला सत्य बोलण्याचे धैर्य दे. आमीन.