पाठ्यपुस्तकातला माणूस

उत्क्रांतीचे ते प्रसिद्ध चित्र आठवून पाहा. रुडॉल्फ झॅलिंगर यांनी ते १९६५ साली ‘अर्ली मॅन’ या पुस्तकासाठी काढले. वाकून चालणारा वानर पायरीपायरीने ताठ होत जातो आणि शेवटी माणूस बनतो. रांगेत एकही मादी नाही, एकही बाई नाही. मग पुढची पिढी जन्मली कुठून? तरीही जगभर ते मानवाच्या वाटचालीचे संपूर्ण चित्र म्हणून खपले.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत बाई किती, सावळी माणसे किती, हे मोजायला गेले की “विज्ञानात राजकारण कशाला?” असे ऐकावे लागते. मला हा मुळात अचूकतेचा प्रश्न वाटतो. ऑक्सिजन कमी पडला की ओठ निळे पडतात, अंगावर पुरळ उठले की ते लाल दिसते, ही वर्णने गोऱ्या त्वचेवरून बेतलेली आहेत. काळ्या त्वचेवर तेच ओठ करडे दिसू शकतात, तेच पुरळ जांभळट किंवा तपकिरी. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या मॅलोन मुकवेंडे यांना ही उणीव वर्गातच जाणवली. २०२० मध्ये त्यांनी दोन शिक्षकांसह ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली. काळ्यासावळ्या त्वचेवर रोगाच्या खुणा कशा दिसतात, ते तिच्यात छायाचित्रांसह दाखवले आहे. आपल्याकडे तर बहुतेक रुग्ण सावळेच. चुकीच्या चित्रावर तयार झालेली नजर त्यांचा आजार उशिरा ओळखेल.

वैज्ञानिकाच्या चित्राचेही तसेच. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी वैज्ञानिकाचे चित्र काढले. बाई काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुली होत्या. अमेरिकेतल्या नंतरच्या दशकांतील अभ्यासांत हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेलेले दिसते. म्हणजे मुलांच्या मनातली प्रतिमा बदलते.

आपल्या पुस्तकांत ‘परिचय शास्त्रज्ञांचा’ अशी चौकट असते. तिथे एखाद्या बाईचा फोटो छापून जबाबदारी संपत नाही. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचेच पाहा. बाई आहे म्हणून १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. पुढे याच सोहोनींनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करता करता वनस्पतींतले सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनातले प्रथिन शोधले. त्यांची जागा पेशींच्या श्वसनाच्या धड्यात, प्रयोग करताना आहे. पुस्तक मंडळांनी पुढच्या आवृत्तीच्या वेळी चित्रकाराला एवढे जरूर सांगावे.