ढकलता येत नाही म्हणून

'जर्नी' हा २०१२ साली प्लेस्टेशन ३ वर आलेला गेम दोनेक तासांत संपतो. अंगात झगा, गळ्यात मफलर, समोर वाळवंट आणि लांबवर एक डोंगर. गुण नाहीत, नकाशा नाही, संवाद नाहीत. वाटेत तसाच झगा घातलेलं कुणीतरी भेटतं. तो कुठल्यातरी देशात बसून खेळणारा खराखुरा माणूस असतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. बटण दाबून एक सूर तेवढा काढता येतो. स्पर्श झाला की मफलरीत उडण्याची ताकद भरते. शेवटच्या बर्फात लोक एकमेकांना बिलगून चालतात.

ऑनलाइन गेममध्ये अनोळखी पोरांच्या शिव्या खाल्लेल्यांना हा प्रकार अद्भुत वाटतो. पण दिग्दर्शक जेनोव्हा चेन यांनी त्यामागची गोष्ट सांगितली आहे. सुरुवातीला खेळाडूंना एकमेकांना ढकलता यायचं, आणि चाचणीत लोक तेच करत बसले. शेवटी टक्करच काढून टाकली.

मग तिथला चांगुलपणा कुणाचा? चुकीची तारीख न स्वीकारणारे फॉर्म मी पोटापाण्यासाठी लिहितो. त्यांनी आजवर कुणी प्रामाणिक झालेलं नाही. वाईट वागायची सोयच नसेल, तर चांगलं वागण्याला नैतिक किंमत कसली?

'शॅडो ऑफ द कोलोसस'मुळे (२००५, फुमितो उएदा) हे आणखी अवघड होतं. तसाच ओसाड, अबोल प्रदेश आणि १६ महाकाय प्राणी. त्यातले काही तर आपणहून अंगावरही येत नाहीत. तरी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे पर्याय शून्य, पण प्राणी कोसळतो तेव्हा अपराधी मलाच वाटतं, उएदांना नाही! हा अपराधभाव आपण विनातक्रार स्वतःचा मानतो. मग 'जर्नी'तल्या मायेवरच संशय का? दोन्हीकडे दोऱ्या दुसऱ्याच्याच हातात आहेत.

शिवाय 'जर्नी'त एक गोष्ट बंद केलेली नाही: सोडून जाणं. सोबती मागे अडखळला तर सरळ पुढे निघता येतं. गेम काही म्हणत नाही, शिक्षा नाही. त्याचं नाव कळतं ते थेट श्रेयनामावलीनंतर, म्हणजे उपकार दाखवायलाही उशीर झालेला असतो. तरीही लोक वाळूत बसून राहतात आणि मधूनमधून तो एक सूर काढत राहतात.