कायकाची शुद्धी आणि शेजाऱ्याचा श्वास



डिचोली तालुक्यातील पिळगावचा सारमानस धक्का आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. खाणीवरचे खनिज ट्रकांतून तेथे यायचे, बार्जमध्ये भरले जायचे आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघायचे. खाणी भरात होत्या त्या वर्षांत रस्त्याकडेच्या झाडांचा हिरवा रंग पावसाळ्यातच काय तो दिसे. पूजेसाठी तोडलेले फूलसुद्धा आधी धुवावे लागे. फूल धुता आले, पण तीच धूळ छातीत गेली तिचे काय?

धुळीचा जाड कण नाकातच अडतो. 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र श्वासनलिकेत उतरतो आणि अडीच मायक्रॉनच्या आतला तर फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोचतो. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. धुळीत सिलिका असेल आणि ती वर्षानुवर्षे श्वासात जात राहिली, तर सिलिकोसिस जडतो. त्याने राठ झालेले फुफ्फुस कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. ट्रकांच्या डिझेलचा धूर निराळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये त्याची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली.

येथे एक शंका उपस्थित होते. ट्रक चालवणारा, खाणीत राबणारा घाम गाळूनच भाकरी मिळवतो. मग त्याचे काम हे कायक नव्हे काय? आहे, निश्चित आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजत उभे राहिले. गॅरेजवाला, खानावळवाला, सर्वांचीच चूल मंदावली. धूळ बसली म्हणून आनंद मानणाऱ्याने त्या घरांकडेही पाहावे. परंतु शरणांनी कायकाला एक अट घातली होती, ती आपण सोयीने विसरतो. ते शुद्ध असावे आणि त्याला माप असावे.

आयदक्की मारय्यांची कथा आपणांस ठाऊक आहेच. शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत, जास्तीचे परत टाकून यायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते. ते गरजेपेक्षा अधिक होते, एवढाच त्यांचा दोष.

आता खनिजाचा हिशेब पाहा. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. बंदीनंतर 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तूर्त वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. लक्कम्मांनी जे काम घराच्या उंबरठ्यावर केले, ते येथे न्यायालयाला करावे लागले. आपल्यापैकी कोणी उंबरठ्यावर उभे राहिले नाही, कारण जास्तीचे पैसे थोडेफार सर्वांच्याच घरात येत होते. धूळ मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. ज्यांची ना खाण होती ना ट्रक, अशा रस्त्याकडेच्या घरांतील म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी ती अधिक गिळली.

आपण म्हणाल, माझा खाणीशी काय संबंध? मी आपला घरी बसून दिव्याच्या उजेडात वचने वाचतो. तर तो दिवाही तपासावा लागेल. गोव्याची वीज बहुतांशी बाहेरून येते. तिचा मोठा वाटा छत्तीसगडातील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल यांसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो. आपल्या देवघरात लख्ख उजेड, धूर आणि राख मात्र तिकडच्या माणसांच्या अंगणात. पिळगावकराला जे सोसावे लागले, तेच आपण न पाहिलेल्या कोणा कोरबावासीयाला सोसायला लावतो. फरक इतकाच की तो आपल्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याचे दुःख विसरणे फार सोपे असते.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याची योजना आणली. तीन किलोवॅटपर्यंत 78,000 रुपयांचे अनुदान तीत आहे. छप्पर असूनही ते बसवायला आपण आळस करतो. मठाच्या आणि मंदिराच्या छपरांबद्दलही कार्यकर्त्यांनी एकदा बसून बोलावे. दासोहाच्या स्वयंपाकघरात कुठे लाकूड जळत असेल, तर तो धूर प्रथम अन्न रांधणाऱ्या माउलीच्या छातीत जातो, तेवढेही त्याच बैठकीत निघावे.

2022 च्या अखेरीस डिचोली खनिज गटाचा लिलाव झाला आणि 2024 मध्ये तेथे काम पुन्हा सुरू झाले. कामगाराला काम मिळाले, हे बरेच झाले. आता ट्रकावर ताडपत्री घट्ट बांधली आहे का, रस्त्यावर पाणी मारले जाते का, गावातून दिवसाला किती खेपा जातात, हे विचारायला ग्रामसभा आहे. तेथे गेल्यावर आपल्या ओळखीच्या ट्रकमालकाची मर्जी सांभाळायची की शेजारच्या दमेकरी आजींची, हे ज्याने त्याने घरूनच ठरवून जावे.