राहणाऱ्याला कोण विचारतो?

नागपुरातल्या सदर भागातल्या एखाद्या चर्चमध्ये तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा असला की उपासनेत एक गमतीचा क्षण हमखास येतो. पांढरा झबला घातलेले बाळ धर्ममातेच्या हातांवर गाढ झोपलेले असते आणि पाद्रीसाहेब गंभीर आवाजात सैतानाचा, त्याच्या सगळ्या कामांचा त्याग करतोस का, असे विचारतात. बाळ जांभई देते. उत्तर धर्ममाता आणि धर्मपिता देतात. कपाळावर पाणी पडल्यावर बाळ भोकाड पसरते, मंडळी हसते आणि बाहेर चहा-केक सुरू होतो. आम्ही जन्माचे ख्रिस्ती झालो ते असे. आयुष्यातला सगळ्यांत मोठा प्रश्न आम्हाला झोपेत विचारला गेला आणि दुसऱ्याने दिलेल्या होकारावर आम्ही जन्म काढतो.

पुढे चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरण होते. तेव्हा तरी तो होकार आपल्या तोंडून द्यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात होते ते पाठांतर. मतांगीकार पाठ, दहा आज्ञा पाठ, बिशपसाहेबांचा हात डोक्यावर, फोटो. मुंजीतला बटू गायत्री मंत्र म्हणतो त्यापेक्षा यात फार निराळे काही घडते असे नाही, त्यामुळे हा लेख फक्त ख्रिस्ती वाचकांपुरता आहे असे कोणी समजू नये.

श्रद्धा तपासण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांच्या नजरा धर्म बदलणाऱ्याकडे वळतात. का बदललास? कोणी फितवले? किती मिळाले? जो बदलत नाही, त्याला मात्र जन्मभर कोणी एक प्रश्न विचारत नाही. नागपुरात हे फार ठसठशीतपणे घडून गेले आहे. १९५४ मध्ये नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांना अध्यक्ष केले. समिती ७७ ठिकाणी गेली, ११,३६० लोकांशी बोलली. तिने काढलेल्या प्रश्नावलीत ९९ प्रश्न होते. १९५६ मध्ये अहवाल आला. तो मिशनांवर चांगलाच कडक होता आणि चर्चमधून त्यावर संतापाची लाट उसळली. काही तक्रारींत तथ्य होते, काही ठिकाणी ऐकीव गोष्टीच पुरावा म्हणून धरल्या गेल्या, असे माझे मत. त्या वादात इथे शिरत नाही.

मला त्याच वर्षातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षे हा माणूस धर्म पारखत होता. नागपुरात त्या वेळी ज्यांनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्म स्वीकारला त्यांत एक नाव डॉ. नियोगींचे आहे. इतरांच्या धर्मांतराची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशाने त्याच वर्षी, त्याच शहरात स्वतःचा धर्म बदलला. यात ढोंग शोधणारे भेटतात. मला ते पटत नाही. उलट खेड्यापाड्यांतल्या हजारो लोकांना ‘का?’ असे विचारता विचारता तो प्रश्न विचारणाऱ्याकडेही वळला असेल, अशी कल्पना करायला मला आवडते. नियोगींपुढे मात्र कोणी ९९ प्रश्न ठेवले नाहीत. शिकल्यासवरल्या माणसाने धर्म बदलला तर तो विचार आणि गरिबाने बदलला तर ते आमिष, हा आपला जुना हिशेब.

समितीत एक ख्रिस्ती सदस्यही होते, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक एस. के. जॉर्ज. मूळचे केरळचे, सिरियन ख्रिस्ती परंपरेतले. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत असताना गांधीजींच्या चळवळीने त्यांना पेचात टाकले. वधस्तंभाचा अर्थ या देशात आज कुठे दिसत असेल तर सत्याग्रहात, असे त्यांना वाटू लागले, आणि १९३२ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. गांधीजींनी ख्रिस्ती धर्मापुढे टाकलेल्या आव्हानावर त्यांनी पुढे एक पुस्तकही लिहिले. चर्चवाल्यांच्या दृष्टीने ते धड आपले नव्हते. समितीवर त्यांची निवड झाली तेव्हा हे आमचे प्रतिनिधी नव्हेत असा आक्षेप आलाच. पण धर्म न सोडता धर्माला जाब विचारणारा हा माणूस होता. अशांची पंचाईत अशी की बाहेरचे त्यांना ख्रिस्ती म्हणून मोजतात आणि आतले मोजत नाहीत.

१९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांनी घडवलेले धर्मांतर गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो कायदा उचलून धरला. तोवर नागपूर महाराष्ट्रात येऊन बरीच वर्षे झाली होती. यातला आमिष हा शब्द जरा उलटा करून बघावा. राहण्याचे आमिष नसते काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. म्हणजे न बदलण्यासाठी सरकारी दरबारी घसघशीत कारण तयारच आहे. आम्हा सदरकरांचे घ्या. मिशनच्या शाळेतली मुलाची ॲडमिशन, मुलीचे लग्न, मंडळीच्या कमिटीतली खुर्ची, दफनभूमीत आजीच्या शेजारची जागा. या सगळ्याला मी वाईट म्हणत नाही, माझेही पाय त्यातच गुंतलेले आहेत. पण यातले प्रत्येक काढून घेतले तर माझ्या विश्वासापैकी किती उरेल, हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारणारी समिती कोणत्याही सरकारने नेमलेली नाही.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत हे सगळे खरोखरच काढून घेतले गेले. ते काही काळ नागपुरात होते. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ‘ऋषी’ नावाचे मासिक ते चालवत. १८९३ मध्ये राजनांदगावच्या नोकरीवर जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. उतरण्यापूर्वी त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. मात्र वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. पत्नी आणि मुलगा दुरावले, नातेवाइकांनी पाठ फिरवली. लक्ष्मीबाई परत आल्या, पण नवऱ्याच्या धर्मात लगेच शिरल्या नाहीत. सोवळेओवळे, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कोणाच्या नाही, हे कोडे त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवले आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला यातला विनोद आठवतो. मला आठवते ती त्या बाईची घाई न करण्याची जिद्द.

टिळक तिथेही थांबले नाहीत. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. मिशनचा पगार आणि प्रभूची सेवा यांची गाठ त्यांना सलत असावी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती तशी न झालेल्यांनाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्याच दिवशी त्यांच्या मनोरमेचाही झाला. ती अडीच वर्षांची होती. आईने शास्त्रे पालथी घातली होती, ब्राह्मो विचार चाळून पाहिला होता. लेकीला कोणी काही विचारले नाही. रमाबाईंचे विचारणे बाप्तिस्म्यानंतरही चालूच राहिले. त्रैक्याचे मत त्यांना उलगडेना, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी ठरवले म्हणून मान्य करणे त्यांना जमेना. वाँटेजच्या मठातल्या जेराल्डीन भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्या भगिनी प्रेमळ होत्या, पण त्यांना शिष्येत नम्रता हवी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की एका धर्माच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्याचे खांद्यावर कशाला घेऊ. हा अहंकार आहे असे तेव्हा चर्चमधल्या लोकांना वाटले. मला तो ख्रिस्ती धर्माच्या गाभ्याशी सुसंगत वाटतो.

कारण शास्त्रातच त्याला आधार आहे. प्रेषितांच्या पुस्तकात बिरुया गावचे लोक आहेत. खुद्द पौल येऊन उपदेश करतो, तरी ते रोज शास्त्र उघडून हा सांगतो ते खरे आहे का ते ताडून पाहतात. लेखक त्यांना अविश्वासू म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. थोमा तर जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणतो, आणि येशू त्याला मंडळीबाहेर न काढता जखमा पुढे करतो. पिलाताने सत्य म्हणजे काय असे विचारले खरे, पण उत्तराला थांबला नाही, बाहेर निघून गेला. आमच्या दृष्टीने सत्य हे सिद्धान्ताइतकेच एक व्यक्ती आहे. तेव्हा ते तपासायचे तर नुसत्या वादाने भागत नाही, त्याच्या सांगण्याप्रमाणे काही दिवस जगून पाहावे लागते. शत्रूवर प्रीती करा, हे खरे की खोटे, ते शेजाऱ्याशी हद्दीचा खटला चालू असतानाच कळते.

सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बोलणी १९२९ पासून चालली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे फिरले. घोडे वारंवार अडायचे त्यांपैकी एक मुद्दा बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्टांच्या मते ज्याला स्वतः उत्तर देता येत नाही त्याला बाप्तिस्मा कसला? शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. हा व्यवहारी तोडगा होता आणि तो टिकला. पण त्यात एक पाचर राहिली. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस चाळिशीत येऊन म्हणाला, की तो माझा नव्हता, आता मला माझा हवा आहे, तर? बाप्तिस्मा दोनदा होत नाही, हे अँग्लिकन शास्त्र. पहिला झालाच नव्हता, हे त्या माणसाचे मन.

माझे झुकते माप त्या माणसाकडे आहे. दुसरा बाप्तिस्मा देता येत नसेल तर निदान दृढीकरणाचा वर्ग बदलावा. पाठांतराला एक रविवार पुरे. उरलेल्या रविवारी मुलांना एवढेच विचारावे, की तू दुसऱ्या घरात जन्मला असतास तर इथे आला असतास का, आणि कशासाठी? ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला त्या वर्षी घरी पाठवावे, न रागावता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे. आईबाप पाळकांकडे तक्रार घेऊन येतील. तेव्हा पाळकांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारावा.