पोटात घातलेला फॉन्ट

ब्राउझरमध्येच पीडीएफ पावती काढायची असेल तर बहुतेकांचा हात जेएसपीडीएफ या लायब्ररीकडे जातो. इंग्रजी पावती चुटकीसरशी निघते, कारण हेल्व्हेटिका, टाइम्स, कुरियर वगैरे १४ फॉन्ट पीडीएफने मुळातच गृहीत धरलेले आहेत. त्या १४ मध्ये देवनागरी एकही नाही. ‘श्रीमती’च्या जागी अगम्य चिन्हं उमटतात, आणि ‘मुक्त’सारख्या एखाद्या फॉन्टची फाइल कोडसोबत न्यावी लागते.

फॉन्ट म्हणजे नुसते बाइट, आणि जावास्क्रिप्ट म्हणजे मजकूर. बाइट तसेच कोडमध्ये ओतले तर मध्येच अवतरणचिन्ह निघतं, ओळ तुटते, यूटीएफ-८ ला न मानवणारा क्रम येतो. म्हणून बेस६४. तीन बाइटांचे चोवीस बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४ चिन्हांतलं एक द्यायचं. तिनाचे चार झाले, वजन ३३ टक्क्यांनी वाढलं. ईमेलला चित्रं जोडता यावीत म्हणून १९९२ च्या माइमने हीच युक्ती वापरली होती. रोज पाहणाऱ्याला असा मजकूर तोंडावळ्यावरून ओळखता येतो: पीएनजी चित्र हमखास ‘आय-व्ही-बी-ओ-आर’ने सुरू होतं, पीडीएफ ‘जे-व्ही-बी-ई-आर’ने.

आता हे रूपांतर हाताने करावं लागत नाही. कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या ईएसबिल्डला ‘बायनरी’ लोडर सांगितला की कोडच्या हाती थेट बाइट पडतात. व्हाइट नव्हे, ‘वीट’ म्हणायचं ते साधन ४०९६ बाइटांखालची चित्रं आपणहून आत घेतं. वेबपॅकची मर्यादा ८ किलोबाइट. एवढ्याशा आयकॉनसाठी सर्व्हरकडे वेगळी फेरी मारायला नको, इतकाच त्यामागचा हिशेब.

शेकडो किलोबाइटांच्या फॉन्टला तो हिशेब लागू पडत नाही. लोक ३३ टक्क्यांवरून वाद घालतात. मला ते दुय्यम वाटतं, कारण जीझिप त्यातलं बरंचसं वाटेतच वसूल करतं. खरी किंमत कॅशमध्ये मोजावी लागते. फॉन्ट वर्षानुवर्षं तोच राहतो, कोड आठवड्याला बदलतो. दोघं एका फाइलीत बांधले की कराचा एक दर बदलला तरी फाइलीच्या नावातला हॅश बदलतो आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल अख्खा फॉन्ट पुन्हा उतरवून घेतो. सोन्याची पुतळी लुगड्याच्या काठात शिवून टाकावी तसं हे. हरवायची भीती गेली खरी, पण लुगडं धुवायला निघालं की पुतळीही ओढ्यावर.

शिवायचीच असेल तर वेगळ्या कापडात शिवावी. फॉन्टचा स्वतंत्र तुकडा पाडून ‘पावती काढा’ बटण दाबल्यावरच तो मागवला, तर कोड कितीही बदलो, त्याला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून दोनदा क्लिक करून उघडायचं एकच एचटीएमएल पान असेल तर मात्र गोष्ट निराळी. तिथे क्रोम शेजारची फाइलसुद्धा फेचने वाचू देत नाही. तिथे सगळं बिनदिक्कत पोटात घालावं.

एवढं करून पावती छापावी, तर ‘मिळाले’मधली वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘श्री’ फुटते. बाइट एकूण एक सुखरूप पोचलेले असतात. जोडाक्षरांचे नियमही त्याच फॉन्टमध्ये लिहिलेले असतात. पण ते वाचून अक्षरं जुळवणारं कुणीतरी लागतं, आणि देवनागरीच्या बाबतीत जेएसपीडीएफ तिथेच अडखळत आली आहे. ब्राउझरला मात्र ते काम उत्तम येतं. पडद्यावर तीच पावती अचूक दिसत असते. साध्या पावतीसाठी छपाईची सीएसएस लिहून ‘विंडो डॉट प्रिंट’ म्हटलं, तर गिऱ्हाइकाला तीच पीडीएफ म्हणून जतन करता येते, आणि कोडच्या पोटात काहीच घालावं लागत नाही.