दगडाचं शहर, शब्दांचं शहर

सांतो दोमिंगोच्या जुन्या भागात फिरताना 'पहिलं' हा शब्द पाठ सोडत नाही. युरोपीय लोकांनी अमेरिकेत बांधलेलं पहिलं कॅथेड्रल इथं आहे. पहिलं रुग्णालय, फरसबंदी केलेला पहिला रस्ता, १५३८ मध्ये मंजुरी मिळालेलं पहिलं विद्यापीठ, सगळं इथलंच. १९९० मध्ये युनेस्कोनं डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या या राजधानीतल्या वसाहतकालीन भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही मुख्यतः या पहिलेपणामुळे. लास दामास या रस्त्यावरून चालताना मन खरोखर भारावतं. पाचशे वर्षं ऊन-पाऊस झेललेल्या प्रवाळखडकाच्या भिंती संध्याकाळच्या उन्हात मधासारख्या दिसतात. व्हाइसरॉय दिएगो कोलंबसची पत्नी मारिया दे तोलेदो आणि तिच्या सोबतच्या स्त्रिया इथं फेरफटका मारत, म्हणून या रस्त्याचं नाव 'बायकांचा रस्ता'.

पण हे पहिलेपण कुठून मोजायचं? या बेटावर ताइनो लोक आधीपासून राहत होते. त्यांची गावं होती, शेती होती, पटांगणं होती. त्यांची घरं मात्र लाकडाची आणि माडाच्या जातीच्या झाडांच्या झावळ्यांनी शाकारलेली. अशा घरांचे अवशेष उरत नाहीत. स्पॅनिश लोकांची या शहरातली पहिली वस्तीसुद्धा अशीच कच्ची होती. १५०२ च्या वादळानं ती उद्ध्वस्त केली, तेव्हा गव्हर्नर निकोलास दे ओवांदो यानं ओसामा नदीच्या दुसऱ्या काठावर नवं शहर वसवलं आणि इथं दगडी बांधकामाचं युग सुरू झालं. आज आपण पाहतो ते हेच शहर. पर्यटनाची एक मर्यादा इथं लख्ख दिसते: आपल्याला पाहायला मिळतात ती दगडात बांधणाऱ्यांची घरं. दगड खाणीतून काढणाऱ्यांचं, तो वाहून आणणाऱ्यांचं घर कुठल्याही नकाशावर नसतं.

ओवांदोच्याच काळात, १५०३ मध्ये, सान निकोलास दे बारी रुग्णालयाची स्थापना झाली. त्याच्या पडक्या कमानी आजही उभ्या आहेत. त्याच वर्षी बेटाच्या पश्चिमेला हारागुआ इथं ओवांदोनं ताइनो सरदारांना भेटीच्या निमित्तानं एकत्र बोलावलं आणि घरात कोंडून जाळलं. त्यांची राणी अनाकाओना हिला पकडून पुढे फाशी दिलं. रुग्णालय उभारणारा आणि घर पेटवणारा माणूस एकच. यातली एक गोष्ट दगडात आहे, म्हणून दिसते. दुसरी दिसत नाही. कॅथेड्रलसमोरच्या चौकात ख्रिस्तोफर कोलंबसचा उंच पुतळा आहे आणि त्याच्या पायथ्याशी, वर चढू पाहणारी, अनाकाओनाची आकृती. तिच्या वाट्याला चबुतऱ्याची कड तेवढी आली.

मग जे दगडात नाही ते राहतं कुठं? शब्दांत. २१ डिसेंबर १५११ ला अंतोनियो दे मोंतेसिनोस हा डोमिनिकन पंथाचा धर्मगुरू इथल्या एका साध्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला. आजचं कॅथेड्रल तेव्हा उभं राहिलेलं नव्हतं. समोर दिएगो कोलंबस आणि शहरातले बडे लोक बसले होते. ही माणसं माणसं नाहीत का, कोणत्या अधिकारानं तुम्ही त्यांना राबवून मारता, असं त्यानं त्यांना तोंडावर विचारलं. शब्द मागे घे म्हणून त्याच्यावर दबाव आला. पुढच्या रविवारी तो आणखी कठोर बोलला. त्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोहोचलं ते बार्तोलोमे दे लास कासास यानं ते लिहून ठेवलं म्हणून. लास कासास स्वतःही आधी ताइनोंच्या श्रमावर जगणारा जमीनदार होता.

दहा वर्षांनी, १५२१ च्या नाताळात, दिएगो कोलंबसच्याच ऊसमळ्यावरच्या आफ्रिकी गुलामांनी बंड केलं. अमेरिकेतल्या गुलामांच्या पहिल्या मोठ्या बंडांपैकी ते एक. शहराच्या 'पहिल्यां'च्या यादीत हे प्रवचन आणि हे बंड दोन्ही अग्रभागी हवीत. कारण इमारती कुठलीही सत्ता उभारते. सत्तेला जाब विचारण्याची सुरुवात जिथं झाली, ते ठिकाण त्याहून मोठं.

ताइनोंचे शब्द तर आपल्याही घरात आहेत. तंबाखू, पपई हे शब्द कॅरिबियनमधल्या मूलवासींच्या बोलींतून स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी गेले आणि पोर्तुगीजांसोबत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले, असं मानलं जातं. ज्या वादळानं पहिली वस्ती नेली, त्या वादळाचं 'हुराकान' हे ताइनो नाव आज युरोपच्या अनेक भाषांत आहे. ज्यांची घरं उरली नाहीत, त्यांनी ठेवलेली नावं जगभर रोज उच्चारली जातात.

म्हणून या शहरात डोळ्यांइतकेच कानही उघडे ठेवावेत. ओसामा जिथं समुद्राला मिळते, तिथं किनाऱ्यावर मोंतेसिनोसचा प्रचंड पुतळा आहे, मेक्सिकोनं १९८२ मध्ये भेट दिलेला. तोंडाशी हात धरून तो समुद्राकडे ओरडतो आहे. दिवसभर राजवाडे पाहून झाल्यावर शेवटी तिथं जावं आणि थोडा वेळ गप्प उभं राहावं. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलं आहे.