संदर्भांची पाणीपट्टी

अकलूजच्या शिवारात शिरलं की ऊस संपता संपत नाही. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांनी स्वतःच्या मालकीचा काढलेला कारखाना, यशवंतनगरचा सहकारी कारखाना: माळशिरस तालुक्याचा हा भाग या तिघांनी बदलला. यशवंतनगरसारखे सहकारी कारखाने ज्या प्रवरानगरच्या वाटेनं उभे राहिले, त्या प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासून संचालक. विठ्ठलराव विखे-पाटलांनी शेतकरी जमवले, गाडगिळांनी हिशेब आणि विश्वास दिला, आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालं.

या माणसाच्या संशोधनाचं फळ मोजायचं कसं?

आजची रीत ठरलेली आहे. एखाद्या लेखाचा उल्लेख पुढच्या किती लेखांनी केला, ते मोजायचं. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं त्यातून एच-निर्देशांक काढला: किमान दहा-दहा उल्लेख मिळालेले दहा लेख असतील, तर आकडा दहा. मुळात १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानाची संदर्भसूची छापली ती एखादी कल्पना कुठून कुठे गेली याचा माग काढता यावा म्हणून. माग काढण्याचं ते साधन हळूहळू माणसं तोलण्याचा काटा झालं.

या काट्याला उत्तर गाडगिळांच्याच कामात सापडतं. इंग्रज सरकारच्या लेखी दख्खनचे बरेचसे कालवे तोट्याचे होते, कारण पाणीपट्टीतून खर्च निघत नव्हता. गाडगिळांच्या संस्थेनं गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. अहवाल १९४८ मध्ये आला. बागायती आणि कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, की कालव्यामुळे पीक, मजुरी, व्यापार किती वाढला? खजिन्यात न पडलेला लाभही लाभच, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. संदर्भांची मोजणी म्हणजे विद्वत्तेची पाणीपट्टी. ती खात्यात दिसते, म्हणून तेवढीच मिळकत मानली जाते. प्रवरेच्या सभासदानं गाडगिळांचं पुस्तक वाचलं नसेल, कुठल्या तळटीपेत त्यांचं नाव घातलं नसेल. तरी त्याच्या उसाच्या बिलात ते ज्ञान आहे.

पण मग हे श्रेय सगळं गाडगिळांचं म्हणायचं का? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. यातला एकटा कर्ताच सगळं करतो असं मानणाऱ्याची दृष्टी अधुरी, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. प्रवरेच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे कालव्याखालची जमीन, करण म्हणजे यंत्रं आणि भांडवल, चेष्टा म्हणजे विखे-पाटलांची गावोगावची पायपीट, आणि दैव म्हणजे पाऊस. अर्थशास्त्रज्ञ या गोतावळ्यातला एक. एच-निर्देशांक मात्र फळ उचलून एका नावापुढे ठेवतो.

निष्काम कर्माचं नाव घेऊन मोजणीच मोडीत काढणं मात्र पटत नाही. वशिला नसलेल्या तरुण संशोधकाला त्याचे उल्लेख हाच आधार असतो. निवड समितीची मर्जी त्याहून जास्त लहरी असू शकते. फळाची आसक्ती सोडावी हे खरं, पण म्हणून फळ कुठे पडलं, कुणाच्या पदरात पडलं, हे पाहूच नये असा त्याचा अर्थ होत नाही. आणि पाहायचं तर कडू फळंही पाहायला हवीत. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. त्यात ऊस पाणी ओढून घेतो, आणि तो तोडायला मराठवाड्यातून बिऱ्हाडं येतात, त्यांच्या मुलांची शाळा सुटते. संदर्भसूचीत टीकेचा उल्लेखही मोजला जातो, पण कौतुक आणि टीका दोन्ही एकाच बेरजेत जातात. तोडणी कामगाराची तक्रार तर त्या बेरजेतही नाही.

कृषी अर्थशास्त्रज्ञाचं काम पारखायला बसलेल्या समितीनं म्हणून १९४८ चा तो अहवाल काढून वाचावा. कालव्याखालचं गाव आणि बाहेरचं गाव शेजारी ठेवावं, तसं ज्या तालुक्यात त्याचं संशोधन पोचलं आणि ज्यात पोचलं नाही, ते शेजारी ठेवून विचारावं: मजुरी कुणाची वाढली, विहीर कुणाची आटली, कर्ज कुणाचं फिटलं? वेळ लागेल, माणसं लागतील. गाडगिळांच्या संस्थेनं संगणक नसताना तपासनीस गावोगाव पाठवून हेच केलं होतं.